आबांच्या गळ्यातला टाय

सारीबुलाक,
११ मे २०११

प्रिय एसेनबेक,

तू, दामिरा आणि बेगायिम तिघंही ठणठणीत असाल असं धरून चालते. इकडे सगळं बरं आहे. तांबड्या गायीला कालवड झाली. बर्फ वितळायला लागलंय, नदी गढूळ झालीय. झाली आमची खुशाली. फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र बिश्केकला येणाऱ्या गाडीवाल्याच्या हातात देतेय. पत्राला मीटिंगचं कारण सांगता येत नाही.

मंगळवारी आबांच्या कबरीसाठी तू पाठवलेला, त्यांचं चित्र कोरलेला दगड आला. चौघांनी ट्रकमधून उतरवला, वरचं कापड काढलं आणि मी बघतच राहिले. एसेन, आबांच्या गळ्यात टाय! अंगात कोट, खिशात रुमालाची घडी, केस तेल लावून बसवलेले. शेजारची जानिल आली, कंबरेवर हात ठेवून दगडाकडे बघत म्हणाली, "अगं बुरुल, हा कुठला मंत्री आणून पुरताय आपल्या गावात?" त्या चौघांना हसू आवरेना. मला मात्र रडूही आलं नाही, इतका संताप आला होता.

दगड कोरणाऱ्याकडे कोट तयार असतात हे मला ठाऊक आहे. आपण पासपोर्टचा फोटो द्यायचा, तो चेहरा आपला घेतो आणि धड त्याच्याकडचं लावतो. आपल्या कब्रस्तानात एकाच कोटातले सात म्हातारे उभे आहेत. पण आपल्या आबांना त्या रांगेत उभं करताना तुला काहीच कसं वाटलं नाही? डोक्यावर नमद्याची कालपाक टोपी तिरकी घातलेले, पुढचा दात नसलेले, हसून डोळे बारीक झालेले आबा माझ्या भिंतीवर आहेत. एका शब्दाने विचारलं असतंस तर फोटो काढून पाठवला असता. तुला ते आबा नकोच होते, असं मला वाटतं. दगड मी अंगणात पालथा घालून ठेवलाय. परत घेऊन जा.

एक्याऐंशी वर्षांत त्या माणसाने गळ्यात काही बांधून घेतलं नाही. तुझ्या लग्नातसुद्धा नाही. आठवतं ना? इथून सहा दिवस घोड्यावरून आले, हॉटेलच्या कठड्याला घोडा बांधला आणि दरवान हुज्जत घालायला लागला तर त्यालाच खांद्यावर हात टाकून आत जेवायला घेऊन आले. "हा माझा पाहुणा. बिचारा सकाळपासून उभाय." तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी पाहिलं होतं. नंतर आबांनी तीनतारी कोमुझ वाजवायला घेतला, तो डोक्यावर धरून, पाठीमागे धरून, उलटा करून वाजवला, तेव्हा तुझे सासरे ढसाढसा रडले. तू तेव्हाही भिंतीकडेच बघत होतास.

दगडाबरोबर तुझा टाइप केलेला कागदही मिळाला. वर्षाच्या आशला, म्हणजे आबांच्या पुण्यतिथीला, सगळं गाव जेवायला बसायच्या आधी हा कागद मुख्याध्यापकांनी मोठ्याने वाचायचा, असं तू लिहिलंयस. मी तो चार वेळा वाचला. यातले सागिनाली कोण, मला माहीत नाही. भला माणूस असावा, पण आपल्या घरात कधी राहिलेला नाही.

"आदर्श मेंढपाळ व पदकाचे मानकरी." लाज वाटत नाही? पदक मिळालं हे खरं. तिसऱ्या दिवशी ते बोकडाच्या गळ्यात होतं, हेही लिही ना! जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तू आईच्या कडेवर होतास. पुढे बोकड, त्याच्या गळ्यात सरकारी पदक, मागून सहाशे मेंढ्या. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

"सागिनाली, हा काय प्रकार आहे?"

"साहेब, मेंढ्या माझ्यामागे येतात कुठे? याच्यामागे येतात. मान ज्याचा त्याला नको का द्यायला?"

पदक काढून घेतलं आणि दोन वर्षं तबेल्यातली लीद उपसायला लावली. आबा तिथेही गात होते. आईच रडायची, लोकांपुढे आणि लोकांमागेही.

"कुटुंबवत्सल गृहस्थ." हे वाचून आई कबरीत उठून बसली असेल. वसंत आला की "आलोच" म्हणून बाहेर पडणारा आणि तीन आठवड्यांनी उगवणारा गृहस्थ! कुठे होतात विचारलं तर म्हणायचे, "डोंगरापलीकडे एक म्हातारा भेटला, त्याला जुनी गाणी येत होती. मध्येच उठून कसा येऊ?" एकदा आईने त्यांचं अंथरूण यूर्तच्या, आपल्या नमद्याच्या तंबूच्या, बाहेर फेकलं. आबांनी निमूटपणे तिथेच बिछाना घातला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, "आमच्या घराला दार मोठं करून घेतलंय." तिसऱ्या दिवशी आईला हसू फुटलं. सोपा नव्हता तो माणूस, एसेन. घरातली कामं आईने आणि मी ओढली. मला त्यांचा राग यायचा, खूप यायचा. पण तो राग माझ्या बापावरचा होता. या कागदातल्या माणसावर तर मला रागावताही येत नाही.

"नातवंडांना शिस्तीचे धडे दिले." बेगायिमला विचार कुठले धडे दिले. चार वर्षांच्या पोरीला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकवली. दामिरा ओरडली, "मुलीने शिट्टी मारली की घरातली बरकत जाते!" तर आबा म्हणाले, "सूनबाई, मग तिला घराबाहेर मारू द्या. बाहेर खूप बरकत पडलीय." आणि तोगुझ कोर्गोल खेळायला शहरात तू लाकडी गोट्या आणून दिल्यास, त्यांनी मेंढीच्या लेंड्या वाळवून दिल्या, कारण खेळाच्या नावातच नऊ लेंड्या आहेत. वर लबाडी कशी करायची तेही शिकवलं. त्या पोरीने आजोबांकडून काय काय घेतलंय, ते तिला कागद ऐकताना कुठेच सापडणार नाही. चौदा वर्षांची झालीय ती. तिला काय वाटेल, हा विचार केलास?

मला कळतं हा कागद कोणासाठी लिहिलायस. तुझ्या कचेरीतले साहेब आशला येणार आहेत. त्यांच्यासमोर बोकड नको, लेंड्या नकोत. साहेबांच्या बापांचंही असंच काहीतरी असेल, पण तेही कुणी सांगत नाही. मग सगळे मिळून टाय घालून बसा.

शेवटच्या ओळीबद्दल मी काही म्हणत नाही.

जेवणाचं म्हणशील तर तयारी ठीक चाललीय. बोरसोक तळायला आठ बायका येतील. भांडी जानिलकडून आणि मशिदीतून. यूर्त तीन उभारू, बायकांचा उजवीकडे. दामिराला सांग, उंच टाचांच्या चपला आणू नकोस, अंगणात चिखल आहे.

नाही एसेन, असं चालणार नाही. ती ओळ समोर पडलीय आणि मी बोरसोकच्या गोष्टी करतेय.

"मुलीच्या अहोरात्र सेवेत, स्वतःच्या अंथरुणात त्यांनी शांतपणे प्राण सोडला." हे तुला मी सांगितलं होतं. तू फक्त टाइप केलंस. म्हणून ही एकच ओळ तुझी नाही, माझी आहे, आणि कागदातली सगळ्यांत खोटी तीच आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आबा घोड्यावरून पडले, तेव्हा तू फोनवर म्हणालास, "ताई, त्यांना आता घोड्यावर बसू देऊ नकोस. काही झालं तर लोक आपल्याला काय म्हणतील?" डॉक्टरही तेच म्हणाला. मी त्यांचं खोगीर उचलून जानिलच्या कोठारात गवताखाली ठेवलं आणि दुरुस्तीला दिलंय असं सांगितलं. मे महिन्यात सगळं गाव जायलोवर, डोंगरातल्या उन्हाळी कुरणांवर, निघालं. दारासमोरून रोज कळप वर जायचे, बायका, मुलं, भांडी, सगळं घोड्यांवर. आबा ओट्यावर बसून बघायचे आणि रोज विचारायचे, "आलं का गं खोगीर?" मी रोज म्हणायचे, "उद्या येतंय." एकोणीस दिवस. शेवटी म्हणाले, "त्या मोच्याला सांग, एवढ्या दिवसांत आख्खा घोडा शिवून झाला असता." आणि माझ्याकडे बघून हसले. त्यांना सगळं कळलं होतं. माझी लाज राखायला हसले.

त्या दिवशी मी खालच्या आळीत मेजवानीला गेले होते. दुपारी परत आले तर ओटा रिकामा, आणि त्यांचा तोरू घोडाही नाही. खोगिराशिवाय चढणं त्या कंबरेला जमणार नव्हतं, म्हणून घोड्याला लगाम घालून ते त्याच्या शेजारून चालत निघाले होते. अकरा किलोमीटर चढ, एसेन. खिंडीच्या पायथ्याशी ओढ्याजवळ जानिलचे दोघे दीर खाली येत होते, त्यांना दिसले. खडकाला पाठ टेकून बसलेले, बूट काढून शेजारी नीट ठेवलेले, लगाम हातात. घोडा तिथेच चरत होता. शरीर अजून ऊबदार होतं, म्हणाले.

त्यांनी जीपमधून घरी आणलं. मी त्या दोघांच्या हातापाया पडले, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. तिघांनी मिळून आबांना अंथरुणात झोपवलं, पांघरूण घातलं, आणि मग मी दारात जाऊन हंबरडा फोडला. एक्याऐंशी वर्षांच्या बापाला मुलीने डोंगरावर पायी जाऊ दिलं, असं कुणी म्हणू नये म्हणून. गावाने माझं कौतुक केलं. तू केलंस, कागदावर. वर्षभर ते कौतुक मी गिळतेय आणि ते खाली उतरत नाही.

तेव्हा तुझ्यावर ओरडायला बसले आणि इथे येऊन पोहोचले. राग गेला आहे असं समजू नकोस. तू मेलेल्या बापाला बांधलंस, मी जिवंत असताना बांधलं. माझा गुन्हा मोठा, पण तुझा टाय त्याने माफ होत नाही.

आता काय करणार ते सांगते, म्हणजे त्या दिवशी तू दचकायला नको. कागद वाचायचा तर वाचू दे, मुख्याध्यापकांना मी अडवणार नाही. पण त्यानंतर बायकांच्या यूर्तमधून मुलीने कोशोक, गेलेल्याचं शोकगीत, गायचा असतो, आणि मुलगी बापासाठी गात असताना तिला मध्ये थांबवायचा अधिकार कुणालाच नसतो. मुल्लांना नाही, सरपंचाला नाही, तुझ्या साहेबांनाही नाही. बायका गाताना खोटंच गोड गातात, मीही गायलेय. या वेळी बोकडापासून ओढ्यापर्यंत सगळं गाईन, एकोणीस दिवस मोजून गाईन, आणि माझं नाव घेऊन गाईन. जानिलच्या दिरांना मी आजच सांगितलं, त्यांची शपथ सुटली.

तू मुलगा आहेस, तुला त्या वेळी यूर्तच्या बाहेर काठीवर वाकून उभं राहावं लागेल. भिंत नमद्याची आहे, आतला एकेक शब्द बाहेर ऐकू येतो. साहेबांना जवळ बसव नाहीतर लांब बसव, तुझं तू ठरव. बेगायिमला मात्र आत माझ्या शेजारी पाठव.

आबांना शेवटच्या वाटेवर पायी पाठवणारी,
त्यांची मुलगी आणि तुझी ताई,
बुरुल