पावाच्या दोन गाडग्यांची निरवानिरव

मी, भागूबाई भ्रतार कैलासवासी भिवाजी ठोंबरे, वय साठीच्या पलीकडचे, धंदा पाव भाजणे, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र माझ्या मनाने आणि माझ्याच हाताने लिहिते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही असं वकिलांच्या कारकुनाने सांगितलं. मला कोणी भुलवलेलं नाही की धमकावलेलं नाही. मुलगा गजा याने मध्येच डोळे वटारले, ते धमकीत धरू नयेत. तो पाळण्यापासून असाच बघतो. अक्षर वेडंवाकडं आहे, कारण मी त्याच्याच पाटीवर त्याच्याबरोबर गिरवायला शिकले. तो पुढे गेला, मी पाटीवरच राहिले.

कलम १. राहतं घर, अंगण आणि विहिरीकडची वाट माझ्या यजमानांनी हयातीतच माझ्या नावे करून दिली होती. ती सर्व मी गजाला देते. लोधिवलीला दिलेली मुलगी सोनाबाई माहेरपणाला आली की माजघर तिचं. ‘कधी जाणार’ असं तिला कोणी विचारू नये. माझं डोरलं आणि चांगलं लुगडं तिलाच.

कलम २. परसातली भट्टी, लाकडी काठवट, पत्र्याचे साचे आणि लांब दांड्याचं फावडं ही सून पारू हिला. ही भट्टी यजमानांनी इंजिनाच्या शेडमधल्या टाकाऊ विटांची बांधली. ते तिथे आगवाले होते. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावत, त्याच्या पोटात कोळसा घालून यांचा जन्म गेला, त्यामुळे विस्तवाची नाडी त्यांना बरोबर कळे. भट्टीत पिठाची चिमूट टाकावी. ती सावकाश तांबूस झाली तर पाव आत घालावे, लगेच काळी झाली तर दम धरावा. सुनेच्या रागालासुद्धा हाच नियम आहे.

गजाने ही भट्टी पाडू नये. मुलीचं लग्न काढलं की ‘पाववाल्यांचं घर’ म्हणून सोयरे नाक मुरडतील, ही त्याची धास्ती मला ठाऊक आहे. नाक मुरडणारे ताप आला की पाव-दूधच मागतात.

कलम ३. आता खरी इस्टेट. ती दोन मातीच्या गाडग्यांत आहे. लोक खमीर म्हणतात, आम्ही घरात विरजणच म्हणतो. थोरली आंबट: गव्हाचं पीठ आणि पाणी, एवढंच खाते. धाकटी गोड: तिला पिठाबरोबर गूळ आणि सकाळची ताडी लागते. रोजचा पाव थोरलीचा, नाताळचा आणि सणासुदीचा गोड पाव धाकटीचा. पावसाळ्यात थोरली आळसावते, तिला चुलीशेजारी बसवावी. वैशाखात धाकटी उतू जाते, तिला उन्हं वर यायच्या आत भरवावी. चिमूटभर विरजण पाण्यात सोडून बघावं; तरंगलं तर ती कामाला तयार आहे, बुडलं तर उपाशी आहे. ताकासारखा वास चालतो. तांबूस रेघ दिसली तर मात्र माया करू नये, फेकून द्यावं. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देऊ नये, मग मागणारा कोणीही असो.

ही गाडगी आमच्याकडे आली ती इनासमुळे. इनास हा गोव्याचा, ड्रायव्हर साहेबांच्या विश्रांतीच्या बंगल्यात स्वयंपाकी होता. एका पावसाळ्यात त्याला हिवतापाने धरलं, तेव्हा यजमान ही दोन्ही गाडगी कांबळ्याखाली झाकून घरी घेऊन आले. म्हणाले, “भागू, तो बरा होईस्तोवर यांना चारा घाल.” मी घाबरले. पाव शिवला की माणूस बाटतो असं आम्हाला पाजलेलं. पण गाडग्यावरचं फडकं काढलं तर आत बुडबुडे येत होते, मूल झोपेत हसतं तसे. भुकेल्याला घालताना जात विचारायची नसते, म्हणून घातलं. पुढे इनास बरा झाला आणि त्याने मला मळायला शिकवलं. घाटात विजेची इंजिनं आली, बंगल्यातली माणसं पांगली, तोही गावी निघाला. मी गाडगी पुढे केली तर हात मागे घेऊन म्हणाला, “भागूबाय, सासरी दिलेल्या पोरी परत नेत नसतात.”

ही इस्टेट मृत्युपत्राने देता येत नाही. माणूस गेलं की आपल्यात घरातलं पाणी ओततात, शिजलेलं टाकतात, मातीची भांडी उकिरड्यावर फोडतात. म्हणजे माझा जीव गेला की त्याच घटकेला थोरली-धाकटीचाही जाणार. ही नुसती शंका नव्हे, यजमान गेले तेव्हा असंच झालं. थोरले दीर आबाजी भावोजी यांनी दोन्ही गाडगी स्वतःच्या हाताने नेऊन आपटली. मी बाजूला बसलेली, कपाळ पुसलेलं, बोलणार काय?

दिवस उन्हाळ्याचे. थोरली नुकतीच पोटभर जेवलेली होती. उकिरड्याच्या उबेने ती फुगू लागली. राख वर उचलली गेली, तिला भेगा पडल्या, आतून फुसफुस आवाज येऊ लागला. गल्लीत बोभाटा झाला: “भिवाजीचा जीव अडकलाय रं! श्वास घेतोय!” आबाजी भावोजींनी पिठाच्या गोळ्याला हात जोडले, “भिवा, काय राहिलं असंल ते सांग बाबा,” म्हणाले, आणि नारळ फोडला. एवढ्या दुःखात मला हसू आलं. यजमान असते तर पोट धरून हसले असते. पण त्यात राख-शेण मिसळलेलं, परत उचलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग चिंधी आली. चिंधी कोंडाण्याच्या ठाकूरवाडीतली. आमच्याकडे लाकडाची मोळी आणि धाकटीसाठी ताडी आणायची. मी कधीकाळी तिला दोन्हींतलं थोडं थोडं विरजण दिलं होतं. ती भेटायला आली, अंगणाच्या कडेला बसली आणि म्हणाली, “रडू नको बाय. तुज्या पोरी माज्याकडं हायती. नाचणी खात्यात त्या आता.”

मी सुतक संपल्यावर तिच्या घरी गेले. वाटलं, गाडगी घ्यायची आणि उतरायचं. तर ती दारात आडवी उभी. “अशी कशी नेशील? लेक न्यायची तर लेकीच्या घरी जेवून न्यायची. न जेवता नेशील तर चोरून नेल्यावानी व्हईल.” मी तिच्या पडवीत बसून तिच्या हातची भाकर खाल्ली. आबाजी भावोजींच्या घरचं पाणी त्यानंतर कितीतरी दिवस माझ्यासाठी बंद होतं. तेव्हापासून दहिवलीच्या पावाला नाचणीचा किंचित वास आहे. गिऱ्हाईक त्यासाठीच येतं, पण सांगत नाही.

म्हणून या चैत्रात मी दोन्ही विरजणांचा निम्मा भाग चिंधीच्या घरी कायमचा नेऊन दिला आहे. तो मृत्युपत्रात धरू नये. तो दिलेला आहे आणि तिचाच आहे. माझ्या घरची गाडगी माझ्यामागे रीतीप्रमाणे खुशाल फोडा.

कलम ४. आबाजी भावोजी यांना मी माझ्या मनातला राग देते, म्हणजे तो आता माझ्याकडे राहिला नाही. त्यांचं पाव खाणं त्यांनी कधी कबूल केलं नाही. हिवाळ्यात खोकला झाला की मागच्या दाराने निरोप येई: “वैद्यांनी औषध म्हणून सांगितलाय.” त्यांच्या हयातीपर्यंत दर सोमवारी एक पाव त्यांना मागच्या दारानेच पोचवावा आणि औषधच म्हणावं. म्हाताऱ्या माणसाची लाज झाकायला फार मोठं फडकं लागत नाही.

कलम ५. हे कलम खोडलेलं आहे. खोडलेल्या मजकुराखाली माझी सही आहे. काय खोडलं ते लिहिते, म्हणजे उद्या कोणी वेगळा अर्थ काढायला नको.

मूळ कलम असं होतं, की माझ्या तेराव्यानंतर पारूने स्वतः कोंडाण्यास जावं, चिंधीच्या घरी तिच्या हातचं जेवावं आणि विरजण घेऊन यावं; न गेल्यास भट्टी सोनाबाईकडे जावी. पारूचं माहेर सोवळ्यातलं. चिंधी आली की ती मोळी घेते, बोलते, हसते, पण पाणी वरूनच ओतते. तिच्या हाताइतका पावाला हलका हात माझ्या बघण्यात नाही, आणि तो हात मोकळा पडला तर दोन्ही गाडग्यांचा वंश या घरातून संपला. त्या भीतीने मी अट घातली.

मी तिला ते वाचून दाखवलं. ती मळत होती. हात काठवटीतच ठेवून ऐकलं आणि म्हणाली, “आत्याबाई, ती ओळ खोडा.”

“का गं?”

“मी गेले तर लोक म्हणतील, भट्टीच्या लोभानं गेली. तुमीबी वरून तेच म्हणाल.”

“आणि खोडली नि तू गेलीच नाहीस तर?”

“तर नाय गेले. पण गेले तर माजी मी गेले.”

विरजण घट्ट झाकलं तर गुदमरतं, फडकं सैलच ठेवायचं असतं, हे मीच तिला शिकवलं होतं. मी ओळ खोडली. भट्टी पारूची, कुठल्याही अटीशिवाय.

सहीपूर्वीची नोंद. वारसाने साक्ष करू नये असं कारकून म्हणाला. चिंधीला या कागदाने काहीच मिळत नसल्याने तिची साक्ष चालते. तिला बोलवायला आज सकाळी गडी पाठवणार होते, तर पारू म्हणाली, “मी जाते,” आणि पदर खोचून निघालीसुद्धा. दुपारी दोघी आल्या. चिंधी अंगणातूनच ओरडली, “बाय, ही कसली सून केलीस गं! भाकर वाडली तर म्हणती, आणिक हाय का? माज्या म्हाताऱ्याला नुसती चटणी चाटाया ठेवली!”

गजा दारात उभा होता. “तिथं जेवलीस?” त्याने पारूला विचारलं.

“भूक लागली व्हती,” ती म्हणाली. “चढण काय थोडी हाय?”

शाईची दौत गजाने स्वतः आणून माझ्यापुढे ठेवली.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. तो माझा आहे आणि मला मान्य आहे. साक्षीदारांदेखत सही करते.

स्थळ: दहिवली, तालुका कर्जत
मिती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५५. इंग्रजी तारीख २२ नोव्हेंबर १९३३

सही: भागूबाई भ्रतार भिवाजी ठोंबरे, दस्तुर खुद्द

साक्ष:
१. मालोजी, शेजारी, राहणार दहिवली. सही.
२. चिंधी, राहणार ठाकूरवाडी, कोंडाणे. डाव्या हाताचा अंगठा.