व्याहीभेटीला कोण उभं राहील

हाउन्सलो,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सुप्रभा हिला वत्सलाबाईचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, का नुसती बाटली बघतेस? अतुल म्हणाला, आई, फोन कर. पण फोनवर तू मधे बोलतेस, मी मधे बोलते, सांगायचं ते राहतं.

अगं, आपल्या ईशानीचं लग्न ठरलं! माझी नात नवरी होणार! पोरगा कविन, तिच्याच हॉस्पिटलात फिजिओ आहे. उंच, हसरा, पिठलं मागून मागून खातो. तुझा गुडघा तोच बघेल. मे महिन्यात लग्न. तिकीट, व्हिसा सगळं अतुल करणार. येताना ती निळी साडी आण, तुला शोभते.

त्याची माणसं तमिळ, श्रीलंकेतली, जाफन्याकडची.

चष्मा काढू नकोस. पुढं वाच.

परवा त्याचे वडील जेवायला आले, सेल्वम नाव. मी भाकरी वाढत होते तर म्हणाले, "पानी है?" मी खूश! म्हटलं, अहो, हिंदी कुठं शिकलात? त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"तुमच्या फौजेकडून."

पुढचं इंग्रजीत बोलले, ईशानी मला सांगत होती. सतराव्या वर्षी तिकडच्या बंडखोर पोरांच्या फौजेत गेले. सगळी गल्ली गेली म्हणून हेही गेले. लढाई थोडी, चालणं फार. भात नि खोबरं खायचं, ओल्या चपलांनी पाय सडलेले. बंदूक झावळ्यांखाली दडवून लुंगीवर विहिरीशी बसायचे. एकदा आपला एक जवान आला, पाणी मागितलं. ह्यांनी शेंदून दिलं. जवान म्हणाला, पोरा, शाळेत जा.

मग मी मुरलीभाऊजींचं सांगितलं. आपल्या शांतिसेनेबरोबर गेले ते तिथंच वारले, कलश आला, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. पिठलं गार झालं.

मग सेल्वम बोलले, "तो जवान तेच होते, असं मी म्हणणार नाही. माझ्या गोळीनं कोण गेलं, तेही मला ठाऊक नाही."

आपल्यात व्याहीभेटीला अतुलनंतर त्याच्या काकाचा मान, हे ईशानीनं त्यांना सांगून ठेवलेलं. ते म्हणाले, "काकांच्या जागी काकी उभ्या राहिल्या तर मी येईन. नको म्हणाल्या तर हॉलबाहेर थांबेन." कविन म्हणतो, अप्पा बाहेर तर मीही बाहेर. ईशानीचे डोळे सुजलेत. पत्रिका छापायच्या थांबल्यात.

आता तू म्हणशील, वहिनीनं गोड गोड लिहून शेवटी हे पुढ्यात टाकलं. टाकलं खरं. तू नाही म्हणालीस तरी तू माझी धाकटी जाऊच, मी रुसणार नाही. अतुलला हो-नाही तेवढं कळव.

आलीस तर त्यांना काय विचारायचं ते विचार. मी मधे बोलणार नाही. ह्या वेळी खरंच नाही गं.

तुझी थोरली,
वत्सला