चार न वाकलेले स्क्रू

मी, बाळाजी गोविंद मेस्त्री, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा सुतारकाम (मुलाने बंद पाडलेला), मूळ गाव आंबेवाडी, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम मुलाच्या फ्लॅटवर, जिदहफ्स, बहारीन, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि मागे उभे राहून कोणी मजकूर सांगत नाही. समोर भिंतीवर कॅमेरा आहे, पण त्याला मराठी वाचता येत नाही.

आयुष्याचा भरवसा नाही, असे अशा कागदात लिहायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत ते खोटे ठरेल. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. साखर बरोबर, प्रेशर बरोबर, हाडे पन्नाशीच्या माणसाची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंकल, अभी पंधरा साल कुछ नहीं होगा." सूनबाई अपेक्षाने टाळ्या वाजवल्या. माझा मुलगा संदेश नुसता "गुड" म्हणाला आणि गाडी काढायला गेला.

हा कागद मी घरासाठी किंवा बँकेसाठी करत नाही, तंबाखूच्या एका पत्र्याच्या डबीसाठी करत आहे. ती डबी संदेशला मी मेल्यावरच मिळावी, एक दिवसही आधी नाही. डबीत काय आहे ते सातव्या कलमात सांगितले आहे. मधली कलमे गाळून थेट तिथे उडी मारू नये. मलाही तिथवर यायला वेळ लागला आहे.

कलम १. आंबेवाडीचे घर मी माझ्या हाताने बांधले. ते संदेशला द्यावे. दोन वर्षांपूर्वी लीव्हवर गेलो तेव्हा त्याने माझा फणसाच्या लाकडाचा उंबरा उखडून तिथे सिमेंटचा उतार केला, का तर बाबा अडखळतील. अठ्ठावीस वर्षांत त्या उंबऱ्याला कोणी अडखळले नव्हते. घर नावावर करून घेण्याआधी त्याने तसाच उंबरा परत बसवावा, आणि स्वतःच्या हाताने. वाकडा बसेलच. येताजाता त्याच्याच अंगठ्याला ठेच लागेल, याचा मला आधीच आनंद आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते नात स्पृहा हिला, ती एकवीस वर्षांची झाल्यावर. अट एकच, तिने ते मॅनेजरसमोर मराठीतून मागावे. मी तिला विचारतो, "जेवलीस का गं?" ती म्हणते, "आय ॲम फुल, आजोबा. डिड यू ड्रिंक युअर वॉटर?" अकरा वर्षांची मुलगी माझ्या पाण्याचे ग्लास मोजते आणि फ्रिजवरच्या तक्त्यावर चांदण्या चिकटवते. पाच ग्लासांना एक चांदणी. मुलगी वाईट नाही, पण तिला माझ्यावर तुरुंगातल्या जमादारासारखे नेमले आहे.

कलम ३. तो तक्ता, व्यायामाचा फुगा, रंगवायची पुस्तके आणि बोटांनी मळायची मऊ माती, ही सर्व मिळकत अपेक्षाला द्यावी. वयस्कर माणसांना घरात निरोगी, सुरक्षित आणि गुंतलेले कसे ठेवावे, याचा तिने ऑनलाइन कोर्स केला आहे आणि सराव माझ्यावर चालतो. सकाळी खुर्चीत बसून फुगा हवेत ठेवायचा. मग पोपटाच्या चित्रात हिरवा रंग भरायचा. ज्या हाताने मी अरबांच्या दिवाणखान्यांना नक्षीचे दरवाजे केले, त्या हाताने मी पोपट रंगवतो. तिने हे सामान जपून ठेवावे आणि सत्तरी लागली की रोज वापरावे. चांदण्या स्पृहाने द्याव्यात.

कलम ४. माझ्या गळ्यातले बटणसुद्धा अपेक्षालाच. पडलो तर दाबायचे, म्हणजे तिचा आणि संदेशचा फोन वाजतो. मी ते तीनदा दाबले आणि तिन्ही वेळा चहा हवा होता. तिसऱ्या वेळी ती ऑफिसची मीटिंग टाकून टॅक्सीने आली, एका पायात चप्पल नीट अडकलेली नाही, आणि मला सोफ्यावर ठीक बसलेला बघून स्वयंपाकघरात जाऊन रडली. रडून झाल्यावर तिने चहा केला, आले घालून. मी साखर कमी आहे म्हणालो. तिचे काही चुकले नव्हते हे मला तेव्हाही माहीत होते.

कलम ५. माझी हत्यारे, म्हणजे तीन रंधे, अकरा पटाश्या, दोन करवती, गिरमिट, गुण्या आणि हातोडी, संदेशने माझ्या सुरक्षिततेसाठी कुलपात ठेवली आहेत. ती माझा कोकणातलाच मित्र मुख्तार याच्या आकिब नावाच्या पुतण्याला द्यावीत. तो इथेच दरवाजे दुरुस्त करतो. हात जड आहे, पण धारेला भीत नाही. खरी तर मुख्तारलाच द्यायची होती, पण तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही मिळत नाही. त्याच्याइतका भला साक्षीदार मला दुसरा मिळणार नाही.

कलम ६. माझ्या गादीखाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक सागवानी दांडी आहे, दीड हात लांब. ती माझ्याबरोबर चितेवर ठेवावी. कोणी ती काढून बाथरूममध्ये लावू नये.

कलम ७. आता डबी.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझी बायको सत्यवती मनामात, सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत, दोघेच राहत होतो. संदेशचे बिऱ्हाड तेव्हाही इथेच होते आणि तो दर शुक्रवारी यायचा. सत्यवतीचे गुडघे गेले होते. बाथरूममध्ये धरायला दांडी लावून द्या, असे ती आठ महिने मला सांगत होती आणि मी "करतो" म्हणत होतो. मेस्त्रीच्या घरात मेस्त्रीच्या सवडीने काम व्हायचे. शेवटी एका शुक्रवारी संदेश बाजारातली स्टीलची दांडी घेऊन आला आणि अर्ध्या तासात भिंतीला ठोकून गेला.

दांडी अर्धे बोट तिरकी होती. मी लेव्हल लावून पाहिली. शनिवारी सत्यवती आंघोळ करून आली आणि म्हणाली, "पोराने काय बरा आधार करून दिलान! आता माका भ्या नाय." दिवसभर भेटेल त्याला तेच सांगत होती. चाळीस वर्षे माझ्या हातच्या वस्तू वापरल्या, त्यांच्याबद्दल असे कौतुक मी कधी ऐकले नव्हते. मला राग आला. दुसरा शब्द नाही.

एका मोडीत काढलेल्या जहाजाचे सागवान माझ्याकडे पडून होते. रविवारी सकाळी मी तिच्यासाठी त्याची दांडी तासली. भोकांचे माप घ्यायला स्टीलची दांडी काढली आणि स्क्रू डबीत टाकले. लाकडाला पाजलेले तेल मुरायला शुक्रवार उजाडणार होता. सत्यवती म्हणाली, "अवो, तवसर होती ती लावून ठेवा." मी म्हटले, "चार दिवसांसाठी कोण परत लावतो? भिंत धर." संदेश शुक्रवारी येईल आणि बापाचे काम बघेल, एवढेच माझ्या डोक्यात होते.

बुधवारी सकाळी ती पडली. आवाज ऐकून मी गेलो. ती फरशीवर एका कुशीवर होती, डोळे उघडे, मला बघत होती. मी परत बाहेर आलो. माळ्यावरून स्टीलची दांडी काढली, आत नेऊन तिच्या शेजारी फरशीवर ठेवली आणि मग तिला हात लावला. आधी दांडी, मग बायको. हे तिने पाहिले.

सलमानिया इस्पितळात ती अकरा दिवस होती. संदेशने विचारले तेव्हा मी म्हणालो, "दांडी निसटली रे." ती ऐकत होती, पण काही बोलली नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला संदेश सांगत होता, "मीच बसवली होती, नीट बसली नसेल." मी शेजारी उभा होतो आणि लोक त्याच्या पाठीवर हात फिरवत होते.

संदेश, कॅमेरे, बटणे, रबराच्या चटया, हे सगळे तू त्या अपराधापोटी करतोस हे मला ठाऊक आहे. मी ते करू दिले. तुझा अपराध नव्हता. डबीतले चार स्क्रू बघ, एकही वाकलेला नाही. हे तुला आज सांगत नाही, कारण आज सांगितले तर तुझे तोंड मला रोज बघावे लागेल. तू वाचशील तेव्हा मी राख झालेला असेन. मग काय ओरडायचे ते भिंतीवर ओरड.

कलम ८. (हे कलम आज शुक्रवारी, सह्यांच्या आधी, वाढवले आहे.)

साक्षीदार म्हणून मुख्तारला बोलावले. फक्त सही हवी होती, पण त्याने चष्मा लावून पहिल्यापासून वाचले. वाचून झाल्यावर पेन टेबलावर ठेवले.

"बाळाजी, यो कागद मेल्यावर वाचायचा नाय. आता पोराला बोलव."

"तू सही कर. तुझं काम तेवढंच."

"आदी सांग, मग सही. नाय तर मफी, सही नाय. तीन वर्सं पोर तुझी चूक डोक्यावर घेऊन फिरतंय, आणि तू फुगे उडवतंस?"

मी पेन परत त्याच्याकडे सरकवले. त्यानेच संदेशला हाक मारली. संदेश बाहेर आला, हातात माझी दुपारची गोळी आणि पाणी. मी डबी त्याच्या पुढे केली. त्याने झाकण उघडले, स्क्रू बघितले, परत झाकण लावले.

"होय," तो म्हणाला. "हेच."

मुख्तारने विचारले, "तुला म्हायती हुतं?"

"अंकल, त्याच दिवशी मी बाथरूम बघितलं. भिंतीतले प्लग जागच्या जागी. दांडी खाली, आणि स्क्रू एकसुद्धा नाही. दांडी निसटली तर स्क्रू कुठे जातात? मेस्त्रीचा पोर आहे मी."

मी विचारले, "मग लोकांना तसं का सांगितलंस?"

"आईने सांगितलं होतं, म्हणून. दहाव्या दिवशी म्हणाली, त्यांचं नाव नको, तुझं घे. शेवटचं बोलणं तेच."

"मग मला का नाही बोललास? दोन शिव्या घालायच्या होत्यास."

"घातल्या असत्या तर तुम्ही रडला असता बाबा, मी माफ केलं असतं आणि तुम्ही मोकळे झाला असता." त्याचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "मला तुम्ही मोकळे व्हायला नको होता. तुम्ही पडणार नाही, आजारी पडणार नाही, काही विसरणारसुद्धा नाही. कोडी सोडवा, रंग भरा. डोकं शाबूत राहिलं पाहिजे तुमचं. शंभर वर्षं जगा आणि रोज आठवा."

त्याने गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मी घेतली. त्याने ग्लास रिकामा झालेला बघितला आणि जाताना तक्त्यावर चांदणी चिकटवली. डबी खिशात घालून घेऊन गेला. अपेक्षाला यातले काही माहीत नाही. ती बिचारी खरोखरच माझी काळजी घेते.

सबब कलम सात रद्द समजावे, कारण ज्याला वस्तू द्यायची होती त्याच्याकडे ती आधीपासूनच होती. कलम चारमध्ये एवढी भर घालावी की साखर बरोबर होती. कलम सहा कायम. बाकीचा मजकूर मी वाचून, समजून कायम केला आहे आणि तो माझ्या मृत्यूनंतर अंमलात यावा. दाखला पाहता तो इतक्यात येत नाही.

ठिकाण : जिदहफ्स, बहारीन
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : बाळाजी गोविंद मेस्त्री (सही)

साक्षीदार :
१. मुख्तार, राहणार मनामा. पूर्ण वाचून सही केली. (सही)
२. पूर्णिमा, शेजारीण. मजकूर वाचलेला नाही. बाळाजीकाकांनी माझ्यासमोर सही केली. त्यांची तब्येत उत्तम दिसली. (सही)