बाथरूमच्या हीटरची फेरनिविदा

जुफैर, बहारीन

आदरणीय विशाखाताईंना,
श्रावस्तीचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावल्याचं कळलं, आणि तुम्ही गच्चीवर सांडगे वाळत घातल्याचंही (त्याच फोनमध्ये) कळलं. भावोजींना नमस्कार. आम्ही इकडे खुशाल असून आंघोळ केलेले आहोत. हे मुद्दाम लिहिते, कारण गेला महिनाभर तसं छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. खरं तर हे सगळं फोनवरच सांगायचं, पण तुमचा फोन आला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि "स्पीकरवर टाक" म्हणतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

तर आमचा बाथरूममधला हीटर गेला. इथे हीटर भिंतीवर दिसत नाही, वर खोट्या छतात लपवलेला असतो, त्यामुळे तो म्हातारा झालाय की आजारी, काही पत्ता लागत नाही. आमच्या हीटरने एका सकाळी तुमचे बंधुराज डोक्याला साबण लावून उभे असताना छताच्या एका तुकड्यासकट पोटातलं गंजकं पाणी ओतून स्वतःला मोकळं केलं. अनिरुद्ध बाहेर आला तो गेरू फासलेल्या कुंडीसारखा दिसत होता. (मी हसले नाही. मृणाली हसली. मी नंतर हसले.) आता तुम्ही म्हणाल, आखातात कसलं आलंय गरम पाणी! पण जानेवारीत समुद्रावरचं वारं सुटलं आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेतलं, की माणसाला सगळे पूर्वज आठवतात.

घरमालकांना कळवलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, नवा बसवून घ्या, पैसे मी देतो, फक्त आधी दोन-तीन ठिकाणचे दर घ्या. हे वाक्य अनिरुद्धने जेवताना बाबांसमोर सांगितलं, आणि तिथेच आमचं नशीब फिरलं.

बाबा डिसेंबरात आले तेव्हापासून कसे होते, ते तुम्हाला फोनवर कळलं नसणार. आम्ही दोघं ऑफिसला, मृणाली शाळेला. बाबा दिवसभर बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघायचे. लिफ्टमधली माणसं कानात यंत्र घालून असतात, त्यांच्याशी बोलणार काय? नात मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. ("हिच्यात मराठी नुसतं आत जातं, बाहेर येतच नाही," असं बाबाच म्हणाले.) रोज रात्री ताटावर एकच विषय, परतीचं तिकीट. कराडच्या घराला कुलूप बरं दिसत नाही म्हणे. त्या घरात आई गेल्यापासून बोलायला कोण आहे, हे त्यांना विचारायची हिंमत आमच्यात नव्हती.

पण 'दर घ्या' म्हटल्याबरोबर जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातले निवृत्त हेडक्लार्क केशवराव खुर्चीत ताठ झाले. "दर नाही, दरपत्रक म्हणतात," त्यांनी अनिरुद्धला सुधारलं. "किमान तीन. लेखी, सही-शिक्क्यासह. मग तुलनात्मक तक्ता." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि पातेल्यात आमच्या आंघोळीचं पाणी गॅसवर चढलेलं असताना कामकाज सुरू झालं.

पहिला आला अमीर. तुबलीत त्याचं वर्कशॉप आहे, मूळचा मुलतानचा. त्याने स्टुलावर चढून छतात डोकं घातलं आणि आतूनच निकाल दिला, "बाबाजी, ये तो खलास." दर तोंडीच सांगितला. बाबा म्हणाले, "लिखके लाव." त्यासाठी त्याला परत यावं लागलं. आणलं ते औषधाच्या पिशवीच्या पाठीवर, आणि शिक्का नाही. पुन्हा फेरी. दर फेरीला चहा आणि पोहे. तिसऱ्या फेरीपर्यंत बाबांना मुलतानच्या कालव्यांची आणि अमीरला कोयनेच्या धरणाची पूर्ण माहिती झाली होती. हीटरची दोघांनाही आणखी काही झाली नव्हती.

दुसरा एका कंपनीचा, टाय लावलेला. त्याने लाल किरणाने बाथरूम मोजलं आणि दर ईमेलने पाठवतो म्हणाला. बाबांनी त्याला बसवून ईमेलवर शिक्का कसा मारणार, असं विचारलं. बिचारा छापील कागद घेऊन आला, तर बाबांना 'वॉरंटी'च्या स्पेलिंगमध्ये चूक सापडली. पण त्यालाही पोहे मिळाले, आणि जाताना तो टाय सैल करून गेला.

तिसरा महादेव, गुहागरचा. मराठी माणूस! मी पातेलं माळ्यावर टाकायच्या तयारीला लागले. त्याने दर चटकन लिहून दिला, शिक्काही मारला. तक्ता तयार झाला. बाबांनी तो चष्मा वर-खाली करून वाचला आणि म्हणाले, "महादेवचा दर फारच कमी आहे. संशयाला जागा आहे. फेरनिविदा काढावी लागेल."

ताई, त्या दिवशी मी गार पाण्याने केस धुतले होते. माझा तोल गेला. "बाबा, हा हीटर आहे, धरण नाही!" असं मी जरा मोठ्यानेच म्हणाले. बाबांनी तक्त्याची घडी घातली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. उद्या सांगून टाकतो."

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला (केस!), म्हणून दुपारीच घरी आले. दार उघडलं तर आतून हसण्याचा आवाज. जेवणाच्या टेबलावर अमीर आणि महादेव बसलेले, पुढ्यात बाबांनी स्वतः केलेलं पिठलं, आणि बाबा उभे राहून गोष्ट सांगत होते. साहेबांनी उद्घाटनाचा नळ सोडला, पाण्याच्या आधी बेडूक बाहेर आला, आणि बँडवाल्यांनी इशारा समजून वाजवायला सुरुवात केली, ती. अर्धी मराठीत, अर्धी त्यांच्या त्या हिंदीत. अमीर टेबलावर हात आपटत होता. आणि बाबा हसत होते, ताई. आई असताना हसायचे तसे, खांदे हलवून. मी चपला हातात घेऊन तशीच दारात उभी राहिले. त्यांनी मला बघितलं आणि घाईघाईने ताटं उचलायला लागले. म्हणाले, "हे लोक... दरात सुधारणा करायला आले होते."

"मग सुधारू द्या की," मी म्हणाले. "मला पण वाढा थोडं."

शुक्रवारी दोघांनी मिळून हीटर बसवला. अमीरने यंत्र आणलं, महादेवने जोडलं. दोन निविदा निम्म्या-निम्म्या मंजूर करायची प्रथा कुठल्याच खात्यात नसेल, पण बाबांनी ती पाडली. वाफाळतं पाणी आलं. मृणाली तासभर बाहेर येईना. सगळ्यात शेवटी बाबांनी आंघोळ केली, सगळे कागद टाचणी लावून मालकांसाठी ठेवले आणि म्हणाले, "चला, हे काम मिटलं. आता तिकिटाचं बघा." अनिरुद्ध मान खाली घालून जेवत राहिला. दोन दिवस झाले, बाबा पुन्हा बाल्कनीत आहेत.

असो. बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जपा, मुलांना गोड पापा.

तुमचीच,
श्रावस्ती

ता. क. सांडगे झाले की आमच्या वाटणीचे वेगळे ठेवा. बाबा येऊन नेतील म्हणून थांबू नका म्हणजे झालं, कारण ते तिकडे येणार नाहीत असं मी बघते आहे.

ता. क. २. मूळ काम लिहायचं राहिलंच. रविवारी तुम्ही फोन कराल तेव्हा (स्पीकर असेलच) एवढं म्हणा की, "बाबा, उन्हाळा जवळ आला, हॉलमधला एसी आवाज करतोय असं श्रावस्ती म्हणत होती. अनिरुद्धला यातलं काही कळत नाही, तो पहिल्याच माणसाला काम देऊन मोकळा होईल. तुम्ही लक्ष घाला." एसी उत्तम चालतो, आवाज अजिबात करत नाही. अमीरला आणि महादेवला मी सगळं सांगून ठेवलंय. महादेवच्या ओळखीचा एक एसीवाला तर चक्क कराडचा निघाला.

ता. क. ३. आणि ताई, 'किमान तीन' म्हणू नका. सात म्हणा.