पदकाची पाळी

मी, दशरथ धाकू मेस्त्री, वय बहात्तर, पूर्वी कारखान्यात फिटर, आता निवृत्त, राहणार श्रमसाफल्य सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व), मुंबई, हे मृत्युपत्र शुद्धीत बसून लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला साखर आहे, गुडघे गेले आहेत, पण डोके जागेवर आहे. याबद्दल माझ्या पत्नीचे मत वेगळे आहे, मात्र तिने ते लेखी दिलेले नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. लिहिणाऱ्याने नशापाणी केलेले नाही असे लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहितो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि प्रकृती पाहता यानंतर करीन असे वाटत नाही.

कलम १. मुलुंडची राहती जागा माझ्या स्वकमाईची आहे. ती माझ्यामागे पत्नी सौ. सुगंधा हिची व तिच्या मागे मुलगा चि. निलेश याची. सुगंधा हयात असेपर्यंत जागा विकण्याचा, भाड्याने देण्याचा किंवा तिला "तुम्ही आता गावी रहा ना आई" असे गोड बोलून हलवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पुनर्विकासाचे कागद आले तर ते आधी तिने वाचावेत. ती सावकाश वाचते, बिल्डरने थांबावे.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे काही उरेल ते सुगंधाचे. त्याचा हिशेब तिच्याकडे माझ्यापेक्षा चांगला आहे. गावच्या घरातला माझा वाटा पुतण्यांनी घ्यावा, पण गणपतीची आमच्या घरची पाळी निलेशने सोडू नये. आमच्या घराण्याचा गणपती एक वर्ष थोरल्यांकडे, एक वर्ष धाकट्यांकडे बसतो. मूर्ती एक आहे आणि घरे दोन आहेत, म्हणून पाळी. माझ्या वडिलांनी लालबागच्या गिरणीतून रजा मिळत नसतानाही ती चुकवली नव्हती.

कलम ३. माझी सर्व हत्यारे, म्हणजे पाइप पाने, बाक, दोन हातोड्या व चेनपुली, ही भांडुपला प्लंबिंगचे दुकान चालवणाऱ्या विकी जाधव याला द्यावीत. विकी आमचा नातेवाईक नाही. तो कोण हे पुढच्या कलमात येईल. त्याने चेनपुलीला तेल देत जावे, हे मी त्याला तोंडीही बऱ्याचदा सांगितले आहे आणि तो दर वेळी "हो काका" म्हणतो.

कलम ४. जीवन रक्षा पदक.

हे मृत्युपत्र मुळात या कलमासाठी आहे. बाकीचे मी तोंडी सांगितले असते तरी चालले असते.

१९९८ च्या मे महिन्यात आमच्या संस्थेची सेप्टिक टाकी तुंबली. कंत्राटदाराने दोन माणसे पाठवली. रतन हिवाळे, घाटकोपरचा, मूळचा जालन्याकडचा, आणि त्याच्या हाताखाली विकी, नुकतीच मिसरूड फुटलेला. तेव्हा माणूस सर्रास टाकीत उतरवत. आता कायद्याने बंदी आहे, तरी उतरवतात. मी रात्रपाळी करून आलो होतो आणि जिन्यात चपला काढत होतो, तेव्हा ओरड ऐकली. विकी आत उतरला होता आणि वायूने बेशुद्ध होऊन पडला होता. भोवती सगळी बिल्डिंग गोळा झाली होती आणि नाकाला रुमाल लावून उभी होती.

पुढे काय झाले ते मी क्रमाने लिहितो, कारण भांडण या क्रमाचेच आहे. रतन आधी उतरला. त्याने विकीचे डोके घाणीच्या वर धरून ठेवले. मग मी दोर घेऊन उतरलो. विकीच्या बगलेतून दोर मी बांधला आणि वरच्यांनी त्याला ओढून घेतला. तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शिडी समोर असून मला सापडेना. रतनने मागून माझ्या कमरेत खांदा घातला आणि मला पायरी पायरीने वर ढकलले. तो सगळ्यात शेवटी बाहेर आला, आणि बाहेर आल्यावर त्याला प्यायला पाणी कोणी दिले नाही. ते सुगंधाने दिले, आमच्या तांब्यातून.

पंचनामा झाला तेव्हा मी हे असेच सांगितले. सही केली ती माझ्या जबाबावर, त्यामुळे दोघांची नावे वर गेली असतील असे धरून चाललो. पावणेदोन वर्षांनी, सव्वीस जानेवारीच्या सुमारास, पदक जाहीर झाले ते एकट्या मला. आणखी काही महिन्यांनी सनद हातात पडली तेव्हा तिच्यात वाचले: श्री. दशरथ मेस्त्री यांनी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता दोन कामगारांचे प्राण वाचवले. दोन कामगार. म्हणजे विकी आणि रतन. ज्याने मला वाचवले त्याला मी वाचवले, असे सरकारी कागद म्हणतो.

ज्या सरकारी टेबलावरून ही शिफारस गेली होती त्या टेबलापर्यंत मी गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि समजावून सांगितले, "मेस्त्री, तो उतरला ते त्याचं काम. तुम्ही उतरलात ते धाडस." मी म्हणालो, टाकी एकच होती साहेब. ते हसले. वर म्हणाले की घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत शिफारस व्हावी लागते आणि ती मुदत आता टळली.

'काम' या एका शब्दावर अडले म्हणून मी या पदकांचा इतिहास वाचायला लागलो. इंग्रजी येत नव्हते, निलेशच्या शब्दकोशावर शिकलो. लंडनमध्ये १७७४ साली बुडालेल्यांना शुद्धीवर आणणाऱ्यांची एक संस्था निघाली. तिच्या पदकावर एक मूल विझलेल्या मशालीवर फुंकर घालते आहे, कदाचित आत एखादी ठिणगी असेल म्हणून. पुढे राणीने आपल्या नवऱ्याच्या नावाने पदक काढले, ते आधी फक्त समुद्रात वाचवणाऱ्यांना होते. जमिनीवरही माणसे मरतात हे त्यांना अकरा वर्षांनी सुचले. आणि १९०७ साली एक पदक निघाले ते खास खाणकामगारांसाठी. खाणीत गाडल्या गेलेल्या सोबत्याला काढायला जो पुन्हा आत शिरतो त्याच्यासाठी. हे वाचले त्या दिवशी मी जेवलो नाही. खाणीत उतरणे त्यांचे कामच होते. तरी पदक होते. शंभर वर्षांपूर्वी परक्या राजाला जे कळले ते आमच्या टेबलाला कळू नये, याचा मला राग आला. तो अजून आहे आणि तो मी कोणाच्याही नावे करत नाही, माझ्याबरोबर नेतो.

आपले पदक १९६१ सालचे. त्याच्या तीन पायऱ्या आहेत, माझे तिसऱ्या पायरीचे. त्यावर एक उघडा हात आहे आणि वर लिहिले आहे, मा भैः. सुगंधाने पहिल्यांदा वाचले ते "मा, भाई". ती म्हणाली, "आई आणि भाऊ, बरोबर आहे, अशा वेळी त्यांचीच आठवण येते." मी तिला खरा अर्थ सांगितला, की संस्कृतात याचा अर्थ भिऊ नकोस असा आहे. ती म्हणाली, तेच ते.

पदक परत करायचे ठरवून मी आधी घाटकोपरला रतनकडे गेलो. त्याने ते तळहातावर घेतले. त्यांच्या घरात फळीवर बुद्धाची मूर्ती आहे, अभय देणारी, हात वर केलेली. रतनने पदकावरचा हात पाहिला, मूर्तीकडे पाहिले आणि म्हणाला, "हा हात आमच्याकडे आधीच आहे रे, मेस्त्री." मग म्हणाला, "परत बिरत करू नको. तुझ्याकडे असलं तर कोण ना कोण विचारील काय झालेलं. परत केलंस तर विषयच संपला ना." त्याच्या सांगण्यावरून मी ते ठेवले. विचारणारा प्रत्येक माणूस रतनचे नाव ऐकूनच घरातून गेला आहे. सुगंधा म्हणते, पाहुणे त्यामुळेच कमी झाले.

रतन २०१९ साली छातीच्या आजाराने गेला. आयुष्यभर जे श्वासातून आत घेतले तेच शेवटी त्याच्या अंगावर आले. तो मला भावासारखा होता असे लिहिणार होतो, पण सख्ख्या भावांशी माझे तितके पटत नाही.

त्याच्या मागे मी तीन वेळा पदक घेऊन त्याची पत्नी श्रीमती राधा यांच्याकडे गेलो. तिन्ही वेळा त्यांनी नाही म्हटले. त्यांचे शेवटचे बोलणे जसेच्या तसे देतो. "भाऊ, त्याच्यावर नाव तुमचं कोरलंय. आमच्या घरात ठेवलं तर लोक म्हणणार, बघा, मेस्त्रीने हिच्या नवऱ्याला वाचवलं. आणि तुम्ही देणार, मी घेणार, म्हणजे पुन्हा उपकारच ना? उपकार नको. हक्काचं असेल तर बोला." मी पदक खिशात घालून परत आलो. त्यांचे चुकले नव्हते. दिलेल्या वस्तूत देणारा वर बसतो आणि घेणारा खाली.

म्हणून या कलमाने मी पदक कोणालाही देत नाही. ते पूर्णपणे माझे कधीच नव्हते. मी जाहीर करतो की सदर पदकात माझा निम्मा व कै. रतन हिवाळे यांचा निम्मा असा अविभक्त हिस्सा पहिल्यापासून आहे, आणि रतनचा हिस्सा त्यांच्या वारस म्हणून श्रीमती राधा व त्यांच्यानंतर मुलगी शीतल यांचा आहे. वस्तू एक आणि घरे दोन, तेव्हा आमच्याकडच्या रीतीने पाळी लावावी. एक वर्ष हिवाळे यांच्या घरी, एक वर्ष मेस्त्री यांच्या घरी. पहिली पाळी थोरल्याची असते. इथे थोरला तो, जो टाकीत आधी उतरला. रतन हिवाळे आधी उतरले. म्हणून पहिली पाळी हिवाळ्यांची.

निलेशने मसुदा वाचून विचारले, "बाबा, मेडलची कसली पाळी?" मी त्याला विचारले, गणपतीची असते तेव्हा तू प्रश्न विचारतोस का? त्याने मान हलवली ती होकाराची होती असे मी समजतो. सनद फाडू नये. ती खोटी असली तरी सरकारी आहे. फ्रेममध्ये तिच्या शेजारी या कलमाची प्रत लावावी, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही वाचता येईल.

कलम ५. संस्थेचे सेक्रेटरी श्री. नंदकिशोर यांनी ऑफिसात "आमच्या संस्थेचा अभिमान" अशी पाटी माझ्या फोटोसह लावली आहे. त्या दिवशी नाकाला रुमाल लावून उभे असलेल्यांत ते पुढे होते. पाटी काढावी असे मी म्हणत नाही, पाटीला भिंत लागते आणि भिंत सगळ्यांची आहे. फक्त माझ्या शोकसभेत त्यांनी भाषण करू नये. अगदीच राहवले नाही तर रतनचे नाव घेऊन एका वाक्यात संपवावे.

कलम ६. माझे दिवसकार्य साधे करावे. सुगंधा या सगळ्यावर एकच म्हणाली, "मेल्यार तरी त्या मेडलाक सोडा." तिला उत्तर म्हणून हे लिहितो, की सोडतोच आहे, पण सरळ हक्काच्या हातात सोडतो आहे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. श्वेता यांनी करावी. त्यांनी दरवेळी माझे ऐकून घेतले आणि शेवटी कायदा काय आहे तेच केले, म्हणून त्यांची निवड. साक्षीदार म्हणून राधावहिनींनी सही करावी अशी माझी विनंती आहे. त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "सही पाहिजे तर करते. वस्तू नको."

पुरवणी, सहीपूर्वी हाताने लिहिलेली.

वरील मजकूर आज सर्वांसमोर वाचला गेला. राधावहिनी शीतलला घेऊन आल्या होत्या. सातव्या कलमाशी श्वेता थांबल्या आणि म्हणाल्या, "मावशी, इथे एक अडचण आहे. तुम्हाला यात हिस्सा आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. तुम्ही साक्षीदार झालात तर उद्या कोणीही उठून हिश्शाला हरकत घेईल. दोन्हीतलं एकच होईल."

पेन वहिनींच्या हातात होते. त्यांनी विचारले, "ते 'आधी उतरले' आहे ना, ते परत वाच." श्वेता यांनी वाचले. "हे सरकारी कागदात जाणार?" श्वेता म्हणाल्या, नोंदणी होईल, शिक्का बसेल. "त्यांच्या नावासकट?" हो, नावासकट. शीतलने आईच्या पाठीवर हात ठेवला. मी बोललो असतो तर ती विनंती झाली असती.

वहिनींनी पेनचे टोपण लावले आणि ते माझ्यासमोर ठेवले. म्हणाल्या, "मग दुसरा साक्षीदार बघा, भाऊ."

स्थळ: मुलुंड (पूर्व), मुंबई
दिनांक: १४ मे २०२५

लिहून ठेवणार: (सही) दशरथ धाकू मेस्त्री

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:

१. (सही) अण्णा शेट्ये, चौथा मजला, श्रमसाफल्य

२. (सही) श्यामकांत पेडणेकर, दुसरा मजला, श्रमसाफल्य. श्रीमती राधा रतन हिवाळे यांच्या जागी. त्यांचे नाव रद्द करण्याचे कारण: त्या हिस्सेदार आहेत.