मडमबाईंच्या चक्कीवर केलेली प्रार्थना

तिसगाव, ता. ११ फेब्रुवारी १९४७, मंगळवार

राजमान्य राजश्री याकोबराव यांस,

सत्यवानचा सलाम पावो. आपला दमा या थंडीत काबूत असेल आणि वहिनींचा गुडघा वाकू लागला असेल, अशी प्रभूपाशी आशा धरतो. आमची खुशाली थोडी लांब आहे, म्हणून कागद दोन घेतले आहेत.

आपली बहीण सारा नेवाशास आपल्याकडे येऊन आज सहा दिवस झाले. तिने काय सांगितले असेल याचा मला अंदाज आहे. पण ती घाबरून सांगते, मी मोजून सांगतो. लग्नाआधी ती नऊ वर्षे नगरला एल्सबी मडमबाईंच्या बंगल्यात स्वयंपाकघर सांभाळत होती, तिथली कॉफीची चटक तिला राहिली. बाजारच्या पुडीत निम्मी भाजलेली ज्वारी असते (मी भिंगाखाली पाहिली आहे). तेव्हा बिया आणून घरीच दळाव्यात असे ठरले आणि साधन निवडण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. कोणत्याही शाळेचा दाखला नसताना तीन तालुक्यांतली शिवणयंत्रे आणि बाजाच्या पेट्या ज्याच्या हातून बऱ्या होतात, त्याने हे काम दुसऱ्यावर टाकू नये. पाट्यावर वाटून पाहिले, चिखल झाला. खलबत्त्यात कुटले, तर काही कण मोहरीएवढे आणि काही पिठाएवढे, म्हणजे एकाच कपात कडू आणि पांचट दोन्ही. जात्यावर उत्तम उतरली, पण पुढे चार दिवस भाकरीला कॉफीचा वास. नगरच्या कॅम्पात नवी विलायती चक्की पाहिली, किंमत सत्तावीस रुपये. मी दुकानदाराला तिच्या दात्यांतला दोष दाखवला, त्याने मला बाहेरचा रस्ता दाखवला.

मडमबाई गेल्या पावसाळ्यात वारल्या हे आपणास ठाऊकच आहे. त्यांच्या सामानाच्या लिलावात त्यांचीच चक्की मला साडेतीन रुपयांत मिळाली. सागवानी पेटी, वर दांडा, खाली पूड पडायचा खण. दाते पोलादी आणि एकसारखे. याहून स्वस्त आणि चांगली चक्की जिल्ह्यात नाही, हे मी आजही म्हणतो. आता आपल्या लोकांत नवी वस्तू घरात आली की तिच्यावर प्रार्थना करतात. त्यासाठी मी पाळकांना तसदी देत नाही. माझ्या प्रार्थना मीच रचतो आणि आधी कागदावर उतरवून तीनदा वाचतो. चक्की मेजावर ठेवून, मडमबाईंचा मान राखावा म्हणून मी शेवटी म्हणालो की, हे प्रभो, एल्सबी मडमबाईंच्या कॉफीची वेळ या घरात कधीही न चुको. सारा आमेन म्हणाली नाही. डोळे उघडून माझ्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरोबर चार वाजता (घड्याळ माझ्या हातचे दुरुस्त, तेव्हा चुकण्याचा प्रश्न नाही) दांडा आपोआप फिरू लागला. सावकाश, न अडखळता, बेचाळीस फेरे. खण उघडला तर ताजी पूड. सोनाराच्या काट्यावर सव्वा तोळा भरली. आत बी टाकलेच नव्हते. मी फेरे वहीत लिहून घेत होतो, तर सारा भिंतीला पाठ लावून म्हणाली, "लिहू नका. बेचाळीसच असतात. एकेचाळीसला हात थांबला की त्या आतून हाक मारायच्या."

मी पद्धतशीर तपास केला. उंदीर म्हणावा तर सापळा रिकामा. वारा म्हणावा तर खिडकी बंद. मेजाला उतार नाही, पाणसळ लावून पाहिली. शेवटी बाजाच्या पेटीच्या तारेने दांडा पेटीला जखडून टाकला. चार वाजले, दांडा फिरला, आणि तार खणात सापडली, सुबक गुंडाळी करून ठेवलेली. मडमबाई लोकरीची गुंडाळी अशीच करत, असे सारा म्हणाली. (गुंडाळी खरोखर चांगली आहे. मला इतकी साधत नाही.) शेजारच्या छबूबाई कुंपणापाशी आल्या. "अवो मिस्तरी, तुमच्यात रोज दुपारचं कोन दळतंय? सारामावशी तर वट्यावर बसल्यात." मी म्हणालो, मीच दळतो. तर म्हणतात, "आता बी दळतंयच की! अन् तुमी तर हितं माज्याम्होरं हुबं हाय!"

त्या दिवशी सारा म्हणाली, "तुम्ही बोलावलंत, तुम्हीच निरोप द्या. गुडघे टेका आणि म्हणा, माझा शब्द चुकला." मी सांगितले की मजकुरात चूक नाही, तीनदा वाचला आहे. तिने गाठोडे बांधले. "मग बसा दोघं कॉफी पीत," एवढे बोलून मोटार धरली. तेव्हापासून मी घरात एकटा असतो. म्हणजे चार वाजेपर्यंत.

मला भीती वाटत नाही. हे पत्र ओट्यावर बसून लिहितो आहे ते केवळ उजेडासाठी. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सत्यवान

ता. क. साराची समजूत घालून तिला परत पाठवावे. माझी भाकरी गोल होते (परकाराने तपासली), पण एकट्याने गिळवत नाही.

आणखी ता. क. पाकीट बंद करण्याआधी आत जाऊन गुडघे टेकले. शब्द मागे घेतला. चूक हा शब्दसुद्धा उच्चारला, एकदा, हळू आवाजात. हे साराला जरूर सांगावे, इतर कोणास सांगू नये.

शेवटचा ता. क. चार वाजून गेले. दांडा हलला नाही, म्हणजे प्रार्थना लागू पडली. फक्त भिंतीशी लावलेली खुर्ची मेजापाशी ओढलेली आहे आणि फळीवर उपडे असलेले दोन कप मेजावर सुलटे आहेत. कोणी बसले आहे असे माझे म्हणणे नाही. मी पाणी उकळत ठेवले आहे. मडमबाई साखर किती घेत, तेवढे साराला विचारा आणि पत्र पोचताच पहिल्या मोटारीने उत्तर घेऊन तिलाच पाठवा. मी इथेच विचारले असते. पण उत्तर मिळेल.