दुपारी स्पीड चार

१८ एप्रिल
दुपारी पुन्हा बोंब! सकाळी स्पीड दीडशे, संध्याकाळी दीडशे, दुपारी चार! गच्चीवरच्या त्या इंटरनेटच्या ताटलीला काय दुपारची झोप लागते? ईश्वरीची कंपनी म्हणते, महिनाभर मोजून दाखवा. नेट टिकलं तर घरून काम, न्हाई तर पुण्याला या. नातीसाठी मोबाइलवर बटन दाबत बसलोय.
वर माझा पंचा सापडेना. वाळत घातलेला जातो कुठं?

१९ एप्रिल
संध्याकाळी ताटली बसवणाऱ्याला फोन लावला. म्हणाला, आजोबा, हे उपग्रह टीव्हीच्या छत्रीवाल्या उपग्रहासारखे एका जागी नसतात. त्याच्यापेक्षा बरेच खालून पळतात – एक गेला की दुसरा. आभाळ मोकळं पाहिजे. म्हणजे आडवं येतंय काहीतरी!
घरकामाच्या उमाबाईचं वेगळंच. ताटली तव्यासारखी तापती म्हणे, हात पोळला. म्हटलं, तू तुझा तवा बघ, हे शास्त्र आहे.

२१ एप्रिल
सापडलं! शेजारच्या नबीभाईचा कडुलिंब. एक फांदी आमच्या गच्चीकडं झुकलीय. दुपारी वारा सुटतो, फांदी डुलते, उपग्रह अडतो. पण त्याच फांदीच्या सावलीत तो पंक्चर काढायला बसतो. तरी आडून आडून विषय काढला. हसला – "तात्या, माझी फांदी तुमच्या आभाळात गेली, का तुमचं आभाळ माझ्या फांदीत आलं?"
डोकं फिरलं. नको ते बोललो. तोही बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा चहा तसाच ठेवून उठलो.

२२ एप्रिल
दुपारी स्पीड तीन. नबीभाईशी बोलणं बंद.

२४ एप्रिल
संध्याकाळी नबीभाईनं स्वतःच फांदी उतरवली. धावत गेलो. कुऱ्हाड खाली ठेवत म्हणाला, "तुमच्यासाठी न्हाई, तात्या. पोरगी घरी ऱ्हावी म्हणून."
फांदी ओढायला मीही हात लावला. उद्या दुपारी मोजू.

२५ एप्रिल
दुपारी स्पीड चार.
गच्चीवर गेलो. ताटलीवर माझा पंचा! ओला, चारी बाजूंनी खोचलेला – रांजणाला गुंडाळतात तसा. उमाबाई म्हणाली, "लई तापती बिचारी. रोज दुपारी घालते, ऊन उतरलं की काढते."
पंचा काढला. दीडशे.
खाली नबीभाई डोक्याला फडकं बांधून उन्हात पंक्चर काढतोय. कोणत्या तोंडानं उतरू?